‘नानांनी पाहिलं’

घरतनाना आठवले की माझ्या मनात प्रथम चिडचिड जागी होते आणि पाठोपाठ त्या चिडचिडीची लाज. हा क्रम कधी उलटा झालेला नाही. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने आपल्या स्वभावाविषयी फारसे भ्रम बाळगू नयेत. तरीही आपण शांत आहोत, हा एक भ्रम मी बरीच वर्षे जपला होता. ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात माझा चढलेला आवाज कोणी ऐकलेला नाही. घरी तर माझ्या मऊ बोलण्याची चेष्टाच होते. तो भ्रम नानांनी मोडला. त्यांच्या दारात उभा राहून मी ओरडलो आहे, आणि माझे ओरडून होईपर्यंत ते पाण्याचा तांब्या हातात धरून थांबले आहेत.

नेरूळच्या सेक्टरांचे आखीव रस्ते जिथे संपतात आणि गावठाणाच्या गल्ल्या सुरू होतात, तिथे नानांची इमारत होती. वर भाडेकरू, मधल्या मजल्यावर नाना, त्यांच्या पत्नी माई, मुलगा प्रशांत आणि त्याचा संसार. तळाला, रस्त्याला लागून, एक गाळा. आजूबाजूच्या गाळ्यांत केक, मोबाईल, चष्मे आणि झेरॉक्स असताना नानांनी आपल्या गाळ्यात पुस्तके ठेवली होती. पाटीवर फक्त ‘ओटी’ एवढेच. वाचनालय हा शब्द त्यांना मानवत नसे. वाचनालयात माणूस दबकत शिरतो, ओटीवर मात्र तो सरळ येऊन बसतो, असे त्यांचे म्हणणे. प्रत्यक्षात बसायला बहुधा कोणी नसे.

रबाळ्याच्या एका रंगाच्या कारखान्यात ते फोरमन होते. निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, पण शेजारी यंत्र चालू आहे अशाच आवाजात ते बोलत. फोन सदैव स्पीकरवर, आणि तो ताटासारखा तोंडापुढे आडवा धरलेला. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा, आणि चष्मा पुसायला त्याच शर्टाचे टोक. समोरचा माणूस बोलत असताना ते डोळे मिटून घेत. ऐकताहेत की झोपलेत, हे बोलणाऱ्याला कळत नसे, आणि मध्येच डोळे उघडून ते असा काही प्रश्न विचारीत की आधीचे सगळे बोलणे पुन्हा करावे लागे.

त्यांच्या प्रत्येक पुस्तकाला खाकी कागदाचे कव्हर होते आणि त्यावर पुस्तकाचे नाव नव्हते. कपाटापुढे उभे राहिले की एका रंगाची, एकसारखी, मुकी रांग दिसे. कारण विचारले तर ते सांगत, “नाव वाचून मानूस पुस्तक निवडतो, आनि नेमका नको तेच निवडतो.” मग ते येणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत, काल काय जेवला ते विचारीत, आणि हात घालून एक पुस्तक काढून देत. ते परत केल्याशिवाय दुसरे मिळत नसे. वाचक का टिकत नव्हते, हे समजायला फार अक्कल लागत नव्हती.

माझी त्यांची गाठ याच खोडीमुळे पडली. नाना ब्लॉग लिहीत, त्याचेही नाव ‘ओटी’. कोणीतरी तो मला पाठवला. गद्य ओबडधोबड, पण माणूस पुस्तक खरोखर वाचून लिहितो हे दिसत होते. एका सुईणीच्या आत्मकथनावर त्यांनी लिहिले होते. खाडीकाठच्या बाळंतपणांच्या स्वतःच्या आठवणी त्यात इतक्या मिसळल्या होत्या की सुईण कुठे संपते आणि नानांची आजी कुठे सुरू होते, हे कळू नये. लेख संपला, पण पुस्तकाचे नाव कुठेच नव्हते. मी खाली सभ्यपणे लिहिले, पुस्तकाचे नाव कृपया कळवावे. उत्तर आले, “या.” त्याखाली पत्ता.

हे मला उद्धट वाटले. काही रविवार मी गेलो नाही, आणि मग एका रविवारी गेलो. मी सुईणीचे पुस्तक मागितले. त्यांनी मला न्याहाळले, जेवणाची चौकशी केली आणि मधमाश्या पाळण्यावरचे एक जाडजूड पुस्तक हातात दिले. मी पुन्हा मृदूपणे म्हणालो की मला ते दुसरे हवे होते. “ते नंतर. आदी हे,” ते म्हणाले. मी ते नेले. खेदाची गोष्ट अशी की मी ते शेवटपर्यंत वाचले.

ते परत करायला गेलो तेव्हा त्यांनी माझा व्यवसाय विचारला. माझे वडील साताऱ्याकडून येऊन इथल्या बाजारात माथाडी झाले. मी संगणकाच्या कंपनीत काम करतो, असे मी सांगितले. त्यातला शेवटचा भाग ऐकून त्यांनी डोळे उघडले. “मंग मानेभाऊ, माजं एक काम करा.”

काम सांगण्याआधी त्यांनी आपली अडचण सांगितली, आणि ती न लपवता सांगितली. प्रशांतला तो गाळा हवा होता. तो न्हावा शेव्याला कस्टम्स क्लिअरिंगचे काम करी आणि त्याला स्वतःचे ऑफिस नव्हते. बापलेकांत बोलणे झाले होते आणि नानांनीच शब्द दिला होता: पुढच्या दिवाळीपर्यंत ओटीवर माणसे येऊ लागली तर गाळा पुस्तकांचा, नाहीतर प्रशांतचा. त्यांना वाटत होते की ब्लॉग वाचणाऱ्याला तिथल्या तिथे कळले की हे पुस्तक कुठे मिळते, तर तो उठून येईल.

मला ही कल्पना आवडली. मी त्यांना प्लगइन म्हणजे काय ते समजावले. ब्लॉगला जोडायचा तो एक छोटा प्रोग्रॅम. ग्रंथालयांचे कॅटलॉग आता इंटरनेटवर असतात. लेखात ज्या पुस्तकाविषयी लिहिले आहे त्याचे नाव घेऊन हा प्रोग्रॅम प्रत्येक कॅटलॉगला विचारील आणि लेखाखाली ग्रंथालयांची नावे दाखवील. नावावर बोट ठेवले की थेट त्या पुस्तकाच्या नोंदीवर जाता येईल. नाना डोळे मिटून ऐकत होते.

“म्हंजे ते कपाटाला विचारतंय,” ते म्हणाले.

“कपाटाला नाही नाना, यादीला.”

“यादीचा काय भरोसा? कारखान्यात आमचे यादीत सगळं असायचं. गोडावनात नसायचं.”

त्या वेळी मी हसलो. पुढे काय वाढून ठेवले आहे, याची मला कल्पना नव्हती.

पहिली अडचण स्वाभाविकच ही की लेखात पुस्तकाचे नावच नसे. जे नाव लेखात नाही ते प्रोग्रॅम कुठून शोधणार? मी सुचवले की नाव शीर्षकात द्यावे. ते म्हणाले, मग लेख कोण वाचील? मी म्हणालो, निदान पहिल्या परिच्छेदात. नाही. शेवटी मी एक वेगळी चौकट केली. नानांनी त्यात नाव भरायचे, वाचकाला ते दिसणार नाही, पण प्रोग्रॅमला दिसेल. आणि वाचक लेखाच्या तळाशी पोचला की मगच नाव आणि ग्रंथालये उघडतील. यासाठी मी एक अख्खा आठवडा घातला. चाचणीला नानांनी मोबाईलवर अंगठ्याने सर्रकन तळ गाठला, नाव उघडले, आणि ते माझ्याकडे तक्रारीच्या नजरेने पाहू लागले. “न वाचता गेलो तरी उघडतंय.” माणूस वाचत गेला की घसरत गेला, हे ओळखणारा प्रोग्रॅम मला येत नाही, असे मी सांगितले. त्यांचा माझ्याविषयीचा आदर त्या दिवशी थोडा कमी झाला.

सुईणीच्या लेखाखाली पहिल्याच दिवशी चुकीचे पुस्तक लागले. जवळच्या एका कॉलेजच्या कॅटलॉगमधून प्रोग्रॅमने नर्सिंगच्या परीक्षेचे मार्गदर्शक उचलून आणले. मला शरमल्यासारखे झाले आणि मी ते काढायला बसलो, तर नानांचा फोन आला. नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलीने खाली लिहिले होते की हे पुस्तक ती केव्हापासून शोधत होती. “राहू द्या ते. तिला लागत व्हतं.” मी म्हणालो, “नाना, पण लेख त्या पुस्तकावर नाही.” ते म्हणाले, “लेख माजा हाय ना?” ते चुकीचे पुस्तक तिथेच राहिले; खरे पुस्तक त्याच्या खाली जोडावे लागले. अशी माणसे सोबत असली की शुद्ध, नेटके काम करणे अशक्य होते. मी ते मनात पुष्कळदा म्हटले आहे.

त्यानंतर भरवशाचा प्रश्न पुढे आला. कॅटलॉगमध्ये पुस्तकापुढे ‘उपलब्ध’ असे लिहिलेले असते. तो शब्द मी तसाच दाखवला होता. नानांनी विचारले, हे कोणी पाहिले? मी म्हणालो, ग्रंथालयाने. ग्रंथालय म्हणजे कोण? पुढच्या रविवारी ते मला घेऊन निघाले. बसने एका जुन्या ग्रंथालयात गेलो. नानांनी काउंटरवर पुस्तकाचे नाव सांगितले. तिथल्या गृहस्थांनी संगणकात पाहून ते आहे म्हणून सांगितले, आत जाऊन आले आणि जागेवर नाही म्हणाले. कोणी नेले आहे का? नाही. मग कुठे आहे? असेल इथेच कुठेतरी.

“तुमचे कंप्युटरला दिसतंय, मना नाय दिसत. आता आमच्यापैकी चष्मा कोनाचा बदलायचा?”

अभ्यासिकेतल्या साऱ्या माना वर झाल्या. मी वर्तमानपत्रांच्या स्टँडमागे गेलो आणि मला ओळखणारा इथे कोणी नाही ना, याची खात्री करून घेतली. नाना आत गेले, त्या गृहस्थांबरोबर कपाटे धुंडाळू लागले, आणि मी दोन दैनिकांतले अग्रलेख वाचेपर्यंत ते पुस्तक घेऊन बाहेर आले. ते पाककृतींच्या कपाटात होते. नानांचा शर्ट धुळीने भरला होता आणि ते गृहस्थ, आश्चर्य म्हणजे, खूश होते. परतताना नानांनी फर्मावले की ‘उपलब्ध’ हा शब्द काढायचा. आपण स्वतः डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काही लिहायचे नाही; पाहिल्यावर लिहायचे, ‘नानांनी पाहिलं’.

मी समजावले. अशाने प्रोग्रॅमचा अर्थच उरत नाही. एक माणूस किती ग्रंथालयांत किती पुस्तके पाहणार? शिवाय जगात कुठल्याही कॅटलॉगला असा शब्द नाही. ते डोळे मिटून बसले. मग मी ती सोय केली. ते बसने, रिक्षाने, कधी प्रशांतच्या मोटारसायकलवर मागे बसून जात, पुस्तक पाहत, तिथूनच मला फोन करीत आणि मी ऑफिसच्या बैठकीतून उठून बाहेर येऊन एका ओळीपुढे ‘नानांनी पाहिलं’ लावी. माझ्या साहेबांनी एकदा काळजीने विचारले, घरी कोणी आजारी आहे का?

हे सगळे मी सहन केले असते. ज्यावरून मी ओरडलो ती गोष्ट वेगळी होती.

सगळे जुळून आले तेव्हा पावसाळा संपत आला होता. एकेका पुस्तकाखाली चार-पाच ग्रंथालये दिसू लागली. मी ती अंतराच्या हिशोबाने लावली होती, आणि गावठाणातली ओटी बहुतेकांना जवळची असल्याने ती वर येत होती. हे मी मुद्दाम केले नव्हते, पण मनातून समाधान वाटत होते. नानांनी पाहिले आणि सांगितले की ओटी खाली घ्या. मला वाटले, काही गैरसमज आहे.

“कॉलेज वर, मंग ते जुनं ग्रंथालय, मंग बाकीची. आपली ओटी सगळ्यांचे शेवटी.”

“का पण?”

“लोकांना बोलावलं कोनी? आपन. यजमान पयले पंगतीला बसतो काय?”

“नाना, ही पंगत नाही.”

“मंग काय हाय?”

 त्यांनी मला प्रशांतच्या लग्नाची गोष्ट सांगितली. सारा गाव जेवला, वऱ्हाड जेवले, मंडपवाले आणि बँडवाले जेवले, आणि यजमानांची पाळी आली तेव्हा टोपात खरवडायलाही काही नव्हते. हे ते एखादी मोहीम जिंकल्यासारखे सांगत होते. “पन कोन उपाशी गेला नाय.”

आतल्या दारातून माई म्हणाल्या, “मी निजले ना उपाशी.”

“घरचा मानूस त्यात धरत नाय,” नाना मागे न पाहता म्हणाले.

मी समजुतीने सांगून पाहिले. मोबाईलवर पहिली तीनच नावे दिसतात; उरलेली पाहायला ‘आणखी’ वर बोट दाबावे लागते आणि ते कोणी दाबत नाही. ओटी शेवटी घातली तर ती कोणाला दिसणारच नाही. ते म्हणाले, “ज्याला पायजे तो दाबंल.” त्या क्षणी माझा बांध फुटला. मी ओरडून म्हणालो की तुम्ही हे सगळे कशासाठी चालवले आहे ते तरी आठवते का, दिवाळी तोंडावर आली आहे, तुमचा गाळा जाणार आहे, आणि तुम्हाला पंगती सुचताहेत. आणखीही काही बोललो. त्यांच्या वयाच्या माणसाला बोलावे असे ते नव्हते, आणि माझ्या वयाला शोभेल असेही नव्हते. केकवाला बाहेर येऊन पाहू लागला. माझे संपले तेव्हा नाना समोर तांब्या घेऊन उभे होते.

“प्या,” ते म्हणाले. “आनि शेवटी घ्या.”

मी शेवटी घेतली. प्रोग्रॅममध्ये त्यासाठी एकच आकडा बदलावा लागतो. तो मी त्यांच्यासमोर, रागाने, त्यांच्या सांगण्यापेक्षा काकणभर अधिक काटेकोरपणे बदलला. पुढचे कित्येक दिवस तो आकडा माझ्या हाताशी होता. गुपचूप पूर्ववत केला असता तर नानांना कळलेही नसते. ते स्वतःची ओटी कधी शोधायलाच जात नसत. मी तो बदलला नाही. त्यांचा मान राखला म्हणून, की ‘भोगा आता’ असे मनात होते म्हणून, हे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे. दोन्ही उत्तरे खरी वाटतात, आणि दुसरे थोडे अधिक.

त्याच सुमारास प्रशांतने मला रस्त्यात गाठले. मी त्याला मनातल्या मनात खलनायक ठरवून ठेवले होते; तो तसा मुळीच निघाला नाही.

“काका, तुमी तरी सांगा ना बाबांना. मी कंटेनरच्या केबिनमध्ये बसतो, क्लायंट आला की त्याला टपरीवर उभा करून चहा पाजतो. मला पन कुठंतरी बसायला पायजे ना? पन रोज एक मानूस जरी आला ना ओटीवर, आयशप्पत, मी विषय काढनार नाय. गाळ्यातल्या कॅमेऱ्यात बघत असतो मी. कोनी येतच नाय, काका. एक कुत्रा येतो.”

मी त्याला शेवटच्या ओळीचे सांगितले. तो कपाळाला हात लावून कट्ट्यावर बसला.

आणि प्लगइन चालले. हे मला अभिमानाने सांगावेसे वाटते, आणि सांगताना कसेसेही होते. कॉलेजच्या ग्रंथपाल सुवर्णा मॅडमचा नानांना फोन आला की बाहेरची माणसे तुमचा लेख मोबाईलवर दाखवून पुस्तके मागताहेत, आम्ही आता बाहेरच्यांना सभासद करून घ्यायचे ठरवले आहे. जुन्या ग्रंथालयातल्या त्या गृहस्थांनी ‘नानांनी पाहिलं’ असा कागदच एका कपाटावर चिकटवला. नाना हे सगळे स्पीकरवर ऐकत आणि गल्लीला ऐकवत. प्रशांत जेवायला बसला की त्यालाही सांगत, आज कॉलेजात किती माणसे गेली. प्रशांत ताटात पाहत ऐके. ओटीवर त्या काळात आलेली माणसे बहुधा पत्ता विचारायला आलेली असत, कॉलेजचा.

दिवाळी आली आणि गेली. प्रशांतने तोंडातून शब्द काढला नाही. मला वाटले, टळले. भाऊबीज झाल्यावर मी फराळाला गेलो, तर गाळ्यात कपाटे उघडी होती आणि नाना व माई जमिनीवर बसून पुस्तकांची खाकी कव्हरे फाडत होते. पुस्तके ग्रंथालयांना द्यायची होती, आणि तिथे पुस्तकावर नंबर लावावा लागतो, कव्हर चालत नाही, असे सुवर्णा मॅडमनी सांगितले होते. प्रशांत दारात उभा होता आणि पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता.

“बाबा, गुढीपाडव्यापर्यंत राहू द्या ना. मी कुठं मागितलाय?”

“तू मागायची वाट कनाला बघू? शब्द मी दिलेला.”

“मी म्हनतो ना, नको म्हनून.”

“मंग तू बसनार कुठं?”

प्रशांत आत आला, खाली बसला आणि तोही कव्हरे फाडू लागला. मीही बसलो. त्या कपाटांत किती रंग होते, हे मला तेव्हा दिसले: जुना निळा, विटका भगवा, एक भडक हिरवा. माई प्रत्येक पुस्तक उलटसुलट करून पाहत होत्या आणि म्हणत होत्या, हे एवढं चांगलं दिसतंय, मग झाकून कनाला ठेवलेलं? नाना पुढचे कव्हर फाडायला घेत होते.

कोणते पुस्तक कुठे जाईल हे त्यांनी ठरवून ठेवले होते. ज्या ग्रंथालयात जे नाही ते तिथे. आणि ज्या दिवशी पुस्तक पोचेल त्याच दिवशी ब्लॉगवरची त्याची ओळ बदलायची, दुसऱ्या दिवशी नाही. मी रजा काढून ते काम केले, कुरकुरत केले. एकेक ओळ हाताने काढायची, नवी घालायची, आणि ‘नानांनी पाहिलं’ आधीच लावून चालायचे नाही. पुस्तक त्या कपाटात खरोखर उभे राहिलेले ते पाहून येणार, मग फोन करणार. सर्व लेखांखालची ओटीची ओळ मात्र कायमची जायची होती. मी म्हणालो, ती राहू दे, पुढे ‘पूर्वी येथे होते’ असे लिहू. एवढा हट्ट मला करू द्या.

“जे नाय ते दाखवायचं नाय,” ते म्हणाले. “कोनीतरी उन्हातून चालत येईल.”

मी ती ओळ काढली. आता तिथे प्रशांतचे ऑफिस आहे, काचेचे दार आहे, आणि आलेल्या माणसाला चहा आतच मिळतो. पुढे नाना वारले तेव्हा मी साताऱ्याकडे होतो आणि मला वेळेवर कळले नाही. त्यामुळे मला त्यांचे शेवटचे दर्शन घडले ते त्याआधी, कॉलेजच्या ग्रंथालयात.

मी काही कामासाठी गेलो होतो. काउंटरपुढे मुलामुलींची रांग होती आणि त्या रांगेत, सर्वांहून उंच आणि सर्वांहून वाकलेले, नाना उभे होते. त्यांनी मला पाहिले, पण रांग सोडली नाही. पाळी आल्यावर त्यांनी मिठागरांवरच्या एका जुन्या पुस्तकाचे नाव सांगितले. ते त्यांनीच दिलेल्या पुस्तकांपैकी होते. ओटीवरून ते कोणी कधीच नेले नव्हते, हे त्यांनी नंतर मला स्वतःच सांगितले. सुवर्णा मॅडमनी संगणकात पाहिले.

“नाना, ते बाहेर गेलंय.”

“बाहेर म्हंजे?”

“कोणीतरी वाचायला नेलंय.”

“कोनी?”

“तसं नाव सांगता येत नाही हो आम्हाला. तुमचं नाव लावून ठेवू का? आलं की फोन करीन.”

नाव लावा, ते म्हणाले. मग ते माझ्याकडे वळले, आणि भेटीची खुशाली वगैरे काही न विचारता, सगळ्या वाचनकक्षाला ऐकू जाईल अशा आवाजात माझ्यावर रागावले. ब्लॉगवर अजून ‘नानांनी पाहिलं’ दिसते आहे, पुस्तक तर कपाटात नाही. तुमचे ते प्लगइन लोकांशी खोटे बोलते आहे. पोरे हसू लागली. मी दबक्या आवाजात म्हणालो की आज संध्याकाळी दुरुस्त करतो. पुस्तक बाहेर गेले की तसे दाखवण्याची सोय खरोखरच करायची राहिली होती, आणि त्यांनी ती आधी मागितलीही नव्हती.

ते काठी टेकत दारापर्यंत गेले. तिथे थांबले, परत फिरले आणि रांगेला वळसा घालून काउंटरच्या कडेला आले. सुवर्णा मॅडमनी मान वर केली.

“त्याला फोनबिन करू नका लवकर आन म्हनून,” नाना म्हणाले. “सावकाश वाचू द्या.”